पऱ्हाटीच्या पाकिटातला परवाना

2005 च्या सुमारास बीटी कपाशीचं 450 ग्रॅमचं पाकीट विदर्भात 1,600 ते 1,850 रुपयांना पडायचं. त्या किमतीतले सुमारे 1,250 रुपये बियाणं पिकवणाऱ्याचे नव्हते, पाकीट भरून विकणाऱ्या कंपनीचे नव्हते आणि कृषी केंद्रवाल्याचे तर नव्हतेच. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडात, बोंडअळीला मारणारा जो जनुक घातला होता, तो वापरू दिल्याबद्दलचे ते पैसे. बियाणे धंद्यात याला ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणतात. आपण सरळ रॉयल्टी म्हणू.

यातली गंमत अशी की त्या पहिल्या बीटीवर, म्हणजे बोलगार्ड-1 वर, भारतात पेटंटच नव्हतं.

पेटंट नसताना रॉयल्टी कशी काय घेता येते? याचं उत्तर नीट कळलं की परवान्यांचा निम्मा गुंता सुटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पेटंट हा सरकारनं शोधकर्त्याला दिलेला मनाई करण्याचा हक्क. अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं ‘माझ्या परवानगीशिवाय हे कुणी बनवायचं नाही, विकायचं नाही’ असं तो म्हणू शकतो. बदल्यात शोध कसा चालतो ते त्यानं सगळ्यांसमोर लिहून द्यायचं. पण नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून पैसे येत नाहीत. एकतर स्वतः माल काढावा लागतो, नाहीतर दुसऱ्याला वापरू देऊन त्याच्याकडून पैसे घ्यावे लागतात. हा दुसरा रस्ता म्हणजे परवाना, आणि परवाना हा दोन पक्षांतला सौदा असतो. सौद्यात पेटंटसोबत आणखी बरंच काही येतं. जनुक असलेलं मूळ बियाणं, ते हाताळायची माहिती, सरकारी मंजुरीसाठी लागणारे चाचण्यांचे निष्कर्ष, ब्रँडचं नाव. बोलगार्ड-1 च्या बाबतीत नेमकं हेच झालं. जनुक भारतात आणून त्याची मंजुरी मिळवली होती महिकोनं, आणि तो इतरांना वापरू द्यायचं काम होतं महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांच्या महिको-मोन्सँटो बायोटेक या एकाच भागीदारी कंपनीकडे. ज्याला बीटी विकायचंय त्यानं तिच्या दारात जायचं आणि ती म्हणेल त्या कागदावर सही करायची. पेटंट नव्हतं, पण दुसरं दारही नव्हतं.

तपासणी कुठं थांबते

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या हायकोर्टाच्या इमारतीजवळ राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. देशातले पेटंट परीक्षक तिथं प्रशिक्षण घेतात. (संत्र्याच्या पलीकडे नागपूरची ओळख सांगायची तर हे एक सांगता येईल, पण शहरातच फार कमी लोकांना ठाऊक आहे.) शोध खरंच नवा आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचला असता का, उद्योगात त्याचा उपयोग आहे का, कायद्यानं वगळलेल्या गोष्टींत तर तो बसत नाही ना, हे सगळं परीक्षक बारकाईनं बघतो. अर्जांवर हरकती निघतात, उत्तरं द्यावी लागतात, वर्षं जातात.

एवढ्या चाळणीतून पेटंट बाहेर पडलं की पुढे त्याचा मालक परवान्यात काय लिहितो, हे मात्र कुणी आपणहून वाचत नाही. पेटंट कायद्याच्या कलम 68 आणि 69 नुसार करार लेखी हवा आणि त्याची नोंद पेटंट कार्यालयात व्हायला हवी. पण अटी उघड करू नका अशी विनंती करायची सोय त्याच कायद्यात आहे. त्यामुळे शेजारचा कारखानदार त्याच तंत्रासाठी किती टक्के देतोय, हे हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या छोट्या उद्योजकाला कळायला मार्ग नसतो. भावच ठाऊक नसेल तर घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

कायद्यानं काही अटींवर फुली मारली आहे, नाही असं नाही. कलम 140 सांगतं की पेटंट असलेल्या यंत्रासोबत आमचाच कच्चा माल घ्या, अशी सक्ती चालणार नाही. तुम्ही केलेली सुधारणा एकट्या आम्हालाच द्यायची, हेही चालणार नाही. पेटंटच्या वैधतेला आव्हान द्यायचं नाही, ही अटसुद्धा रद्दबातल. वाचायला उत्तम. अडचण एवढीच की अट रद्दबातल आहे हे ठरवून घ्यायला कुणीतरी कोर्टात जावं लागतं, आणि ज्याच्याकडून तंत्रज्ञान घेऊन आपली चूल पेटते त्याच्यावर दावा ठोकायला छाती लागते, शिवाय वकिलाची फी.

कपाशीत काय घडलं

2002 मध्ये बोलगार्ड-1 ला मंजुरी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांच्या बोलगार्ड-2 ला. या दुसऱ्याच्या जनुकावर मात्र भारतात पेटंट होतं. पुढच्या काही वर्षांत चाळीसहून अधिक देशी बियाणे कंपन्यांनी उपपरवाने घेतले आणि बाजारात शेकडो नावांची संकरित वाणं आली. कृषी केंद्राच्या फळीवर बघावं तर नुसती रंगीबेरंगी गर्दी. आतला जनुक बहुतेकांत एकच. देशातल्या कपाशीखालचं 90 टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेलं.

दुसऱ्या कुणी प्रयत्नच केले नाहीत असं नाही. जे के अ‍ॅग्री जेनेटिक्स, नाथ सीड्स, मेटाहेलिक्स यांच्या वेगळ्या बीटींना 2006 ते 2009 या काळात मंजुऱ्या मिळाल्या होत्या. बाजारात त्यांचा जम बसला नाही. वर्धा रोडवरच्या आपल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत बिकानेरी नरमा बीटी आणलं. ते सरळ वाण होतं, म्हणजे शेतकरी घरची सरकी पुढच्या वर्षी पेरू शकला असता. 2008 मध्ये त्याला मंजुरीही मिळाली. पण त्या बियाण्यात मोन्सँटोचाच जनुक असल्याचं आढळलं आणि ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. सरकारी संशोधनाच्या इतिहासातला हा लाजिरवाणा प्रसंग आहे, आणि त्याची किंमत संस्थेपेक्षा शेतकऱ्यानं जास्त मोजली, असं माझं मत. सरळ वाणातला बीटी तेव्हाच हाती आला असता तर दरवर्षी पाकीट विकत घ्यायच्या फेऱ्यातून काही जण तरी सुटले असते. आपल्या 2001 च्या पीकवाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखायचा, पेरायचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिलाय. संकरित वाणात मात्र तो हक्क कागदावरच राहतो, कारण दुसऱ्या पिढीत झाडं एकसारखी येतच नाहीत.

आता रॉयल्टीची रचना बघा. ती पाकिटामागे ठरलेली होती. जनुक शेतात किती काम करतो याच्याशी तिचा संबंध नव्हता. गुलाबी बोंडअळीनं बोलगार्ड-1 पचवल्याचं 2010 मध्ये खुद्द मोन्सँटोनं गुजरातच्या बाबतीत मान्य केलं. त्यानंतर चार-पाच वर्षांत बोलगार्ड-2 वरही ती जगू लागली. 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, हे चित्र गावोगाव होतं. अळी प्रतिकारक व्हायला एकट्या कंपनीला दोष देता येणार नाही. आपण कडेनं बिगर-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत, फरदड (वेचणीनंतरही तीच झाडं राखून घेतलेलं पुढचं पीक) घेत राहिलो, लांब मुदतीची वाणं फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात उभी ठेवली. पण करारात ‘परिणाम घटला तर रॉयल्टी घटेल’ असं एक वाक्य असतं तर अळीवर लक्ष ठेवण्यात परवाना देणाऱ्यालाही रस राहिला असता. दर पाकिटामागे बांधलेली रॉयल्टी घेणाऱ्याला हवी असतात फक्त जास्त पाकिटं.

परवाना घेणाऱ्यांवरही काही बंधनं होती. केंद्र सरकारच्या आणि बियाणे कंपन्यांच्या तक्रारीवरून, बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगानं फेब्रुवारी 2016 मध्ये चौकशीचा आदेश काढला. करारातल्या अटी, विशेषतः करार मोडल्यावर काय काय करायचं याच्या, प्रथमदर्शनी जाचक आहेत आणि त्यामुळे कंपन्या दुसऱ्या तंत्राकडे वळायला कचरतात, असं आयोगाचं म्हणणं होतं. नव्या शोधांवर परवान्याचा परिणाम होतो तो बहुतेकदा असा, आवाज न करता. कुणी संशोधनाला बंदी घालत नाही. दुसऱ्या जनुकावर काम करायला गेलो तर आहे तो धंदाही हातचा जाईल, एवढी धास्ती पुरते.

मग सरकार आलं

राज्यं बियाण्याच्या किमती बांधत होती, रॉयल्टी मात्र करारानुसार चालू होती, आणि या दोहोंच्या कात्रीत बियाणे कंपन्या सापडल्या. नुझिवीडू या हैदराबादच्या कंपनीनं रॉयल्टी कमी करा म्हणून हट्ट धरला. नोव्हेंबर 2015 मध्ये तिचा परवाना रद्द झाला. डिसेंबरमध्ये केंद्रानं कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. 2016 च्या खरिपाला पाकिटाची किंमत 800 रुपये ठरली आणि त्यातली रॉयल्टी 163 च्या आसपास होती ती 49 रुपयांवर आली. पुढे ती 39 झाली, मग 20, आणि 2020 मध्ये शून्य.

इथवर बऱ्याच जणांना बरंच वाटलं. पण 2016 च्याच मे महिन्यात कृषी मंत्रालयानं परवान्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कुणीही परवाना मागितला आणि मालकानं 30 दिवसांत दिला नाही, तर तो मिळाला असं समजायचं. रॉयल्टी पहिली पाच वर्षं पाकिटाच्या किमतीच्या 10 टक्क्यांपर्यंतच, नंतर दरवर्षी घटत जाणारी. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच सरकारनं हा आदेश मागे घेऊन ‘मसुदा’ केला. तोवर व्हायचं ते झालं होतं. त्याच वर्षी तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कपाशीचा मंजुरीसाठीचा अर्ज मोन्सँटोच्या वतीनं मागे घेतला गेला. 2006 नंतर बोलगार्ड-2 च्या पुढचं असं कोणतंही जनुकीय तंत्र भारतीय कपाशीत कायदेशीर मार्गानं आलेलं नाही.

बेकायदेशीर मार्गानं मात्र आलं. तणनाशकाला दाद न देणारी ही कपाशी विदर्भात ‘चोरबीटी’ म्हणून गावोगाव विकली जाते. पाकिटावर धड नाव नाही, पावती नाही, उगवलं नाही तर जाब विचारायला माणूस नाही. तरी शेतकरी घेतो, कारण ऐन पावसाळ्यात निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेनं अकोट तालुक्यात हे बियाणं जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. या व्यवहारात शोध लावणाऱ्याला रॉयल्टी मिळत नाही, सरकारला कर मिळत नाही, शेतकऱ्याला हमी मिळत नाही. सगळ्यांत महाग परवाना कोणता असं कुणी मला विचारलं, तर मी हाच दाखवीन, जो कधी झालाच नाही.

मोन्सँटो आणि नुझिवीडू यांचं भांडण कोर्टातही गेलं होतं, त्याचं काय झालं? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं एप्रिल 2018 मध्ये बोलगार्ड-2 चं पेटंटच अवैध ठरवलं. कलम 3(जे) नुसार झाडं आणि बियाणी यांवर पेटंट मिळत नाही, असा आधार. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला सारला आणि पुरावे तपासून रीतसर खटला चालवा म्हणून सांगितलं. नोव्हेंबर 2019 मध्ये पेटंटची 20 वर्षं भरली. 2021 मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. बियाण्यात घातलेल्या जनुकावर भारतात पेटंट टिकतं का, हा मूळ प्रश्न जिथल्या तिथं राहिला. आज एखाद्या विद्यापीठातला संशोधक नवा जनुक शोधेल तर त्याच्या परवान्याला किंमत किती, हे त्याला कुणीही ठामपणे सांगू शकत नाही.

अनेक मालकांचा माल

कपाशीत अडवणारा एकच होता. मोबाइलमध्ये उलटं होतं. एका फोनमध्ये हजारो पेटंटं असतात आणि त्यांचे मालक अनेक. शेत आपलं, बियाणं आपलं, पण पांदण रस्ता अडवून बसलेल्या प्रत्येकाची बैलगाडीमागे मागणी, असा हा प्रकार. एकेकाची मागणी किरकोळ असते. वीस जणांनी एक-एक टक्का मागितला की विक्रीच्या किमतीतले 20 टक्के गेले, आणि जिथं नफाच पाच-सात टक्के आहे तिथं धंदा बसला. तज्ज्ञ याला रॉयल्टीचा थर म्हणतात.

4जी, वाय-फाय यांसारख्या मानकांत (सगळ्यांनी सारखेच पाळायच्या तांत्रिक नियमांत) बसलेल्या पेटंटांच्या मालकांनी न्याय्य, वाजवी आणि भेदभाव न करता परवाना देऊ असं मान्य केलेलं असतं. वाजवी म्हणजे किती, ते लिहिलेलं नसतं. भांडण तिथंच. अशा पेटंटांची मालक असलेल्या एरिक्सननं मायक्रोमॅक्स या देशी फोन कंपनीकडे फोनच्या विक्रीकिमतीवर टक्केवारी मागितली. 2013 मध्ये स्पर्धा आयोगानं त्यावर साधा हिशेब मांडला: तीच चिप 100 रुपयांच्या फोनमध्ये असेल तर रॉयल्टी सव्वा रुपया आणि 1,000 रुपयांच्या फोनमध्ये असेल तर साडेबारा रुपये. चिपचं काम दोन्हीकडे तेवढंच. जास्तीचे पैसे फोनवाल्यानं लावलेल्या चांगल्या पडद्याचे, कॅमेऱ्याचे. त्या वाढीव मेहनतीतला वाटा दुसऱ्याच्या खिशात का जावा? मालकांचंही एक म्हणणं आहे, की जोडणीच नसेल तर तुमच्या कॅमेऱ्याचं कौतुक कुणाला. मला ते पटत नाही, पण दिल्ली उच्च न्यायालयानं 2014 मध्ये अंतरिम दर ठरवले ते फोनच्या किमतीवरच.

याच प्रकरणानं आणखी एक दार बंद केलं. परवान्यांच्या बाबतीत पेटंट कायदा पुरेसा आहे, स्पर्धा आयोगानं यात पडू नये, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं जुलै 2023 मध्ये दिला. मोन्सँटोविरुद्धची चौकशीही त्याच निकालात निघाली. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयोगाची याचिका फेटाळली.

उरलं कलम 84 चं सक्तीचं लायसन्स. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि माल लोकांना पुरेसा किंवा परवडेल अशा भावात मिळत नसेल, तर ते मागता येतं. या कलमाखाली ते आजवर एकदाच दिलं गेलंय. मार्च 2012 मध्ये नॅटकोला, बायरच्या कर्करोगावरच्या औषधासाठी. महिन्याचा 2 लाख 80 हजारांचा खर्च 9,000 रुपयांच्या आत आला, बायरला आधी 6, मग 7 टक्के रॉयल्टी ठरली. तीच बायर जिनं 2018 मध्ये मोन्सँटो विकत घेतली. एवढ्या मोठ्या देशात एकदाच वापरलेलं शस्त्र धाक म्हणून ठीक आहे, रोजच्या सौद्यात ते कामाचं नाही.

रोजच्या सौद्याला हवेत उघडे दर आणि वेळेत सुटणारे वाद. 2010 मध्ये सुरू झालेला मेडिसिन्स पेटंट पूल औषधांचे परवाने मिळवून पुढे कंपन्यांना देतो आणि ते करार शब्दशः आपल्या संकेतस्थळावर टाकतो. कुणीही वाचावेत. युरोपात भाजीपाल्याच्या बियाणे कंपन्यांनी 2014 मध्ये एक मंच केला. तिथं दर जमला नाही तर दोन्ही बाजूंनी आपापला आकडा लवादापुढे ठेवायचा, आणि लवादानं त्यातला जास्त वाजवी निवडायचा, मधला काढायचा नाही. अवाच्या सवा आकडा टाकणाराच हरतो, म्हणून आकडे आपोआप जमिनीवर येतात. आपल्याकडे 2016 च्या त्या सूचनांत 30 दिवसांच्या धाकाऐवजी असला लवाद असता, तर कदाचित तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचा तो अर्ज मागे गेला नसता.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर नागपुरात कुणी एखाद्या प्रयोगशाळेकडून किंवा कंपनीकडून तंत्र घ्यायला बसला असेल, तर सहीआधी पेटंटचा क्रमांक मागावा आणि पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या मोफत शोधसेवेत तो टाकून बघावा. पेटंट जिवंत आहे का, वार्षिक शुल्क भरलंय का, किती वर्षं उरलीत, सगळं तिथं दिसतं. रॉयल्टी कशावर धरलीय, पूर्ण यंत्राच्या किमतीवर की त्यातल्या एका भागावर, हे आकडा टाकून लिहून घ्यावं. माल खपला नाही तरी भरायची किमान रॉयल्टी आहे का ते बघावं, छोटे लोक तिथंच बुडतात. तुम्ही केलेली सुधारणा कुणाची, हे स्पष्ट हवं. आणि करार पेटंटपेक्षा लांब मुदतीचा असेल तर कलम 141 लक्षात ठेवावं: करारातली सगळी पेटंटं संपली की कोणताही पक्ष तीन महिन्यांची नोटीस देऊन त्यातून बाहेर पडू शकतो, करारात उलट काही लिहिलं असलं तरी. नोटीस तेवढी लेखी हवी.